साथीच्या दिवसांतील शाळा आणि आईबापांचा निर्णय

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची रीत आहे. कोणत्या सालीं कोणती इमारत उभी राहिली, पाया कोणी घातला, देणगी कोणी दिली, हें सारें अशा स्मरणिकेंत यथासांग नमूद होतें, आणि तें योग्यच आहे. परंतु समाजाच्या आयुष्यांतील कांहीं मोठे निर्णय कोणत्याहि कोनशिलेवर कोरले जात नाहींत. ते घराच्या उंबरठ्याच्या आंत होतात आणि वेळ टळून गेली म्हणजे विसरले जातात. इसवी सन २०२० पासून २०२२ पर्यंतच्या करोनाच्या साथींत महाराष्ट्रांतील घरोघर असाच एक प्रश्न उभा होता: मुलास शाळेंत धाडावें कीं घरीं ठेवावें? त्या प्रश्नाचा थोडासा इतिहास लिहून ठेवावा, या हेतूनें आम्ही हा लेख वाचकांच्या हातीं देत आहों.

इतिहास बहुधा मोठ्या शहरांचा लिहिला जातो. आम्ही मुद्दाम एक साधें गांव नजरेसमोर ठेविलें आहे. वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत किन्हीराजा नांवाचें गांव आहे. शेलूबाजाराहून मालेगांवाकडे जाणारा जुना हमरस्ता या गांवावरून जातो. सोयाबीन, तूर व कापूस पिकविणारा हा मुलूख. पूर्वीं हा वऱ्हाडचा भाग. वाशिमचा जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोल्यास जोडला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुनः स्वतंत्र झाला. केंद्र सरकारनें २०१८ सालीं ‘आकांक्षित’ म्हणून, म्हणजे मागें राहिलेले व विशेष साह्यास पात्र म्हणून, महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद (आजचें धाराशिव) यांच्या जोडीस वाशिमहि होता. पोर शिकलें तर घर वर येईल, हें अशा मुलखांतील आईबापांस कोणी सांगावें लागत नाहीं. म्हणूनच शाळा बंद पडली तेव्हां येथें काय पणास लागलें होतें, हें स्पष्ट दिसतें.

पूर्वींच्या साथी

साथ आणि शाळा यांचा झगडा नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत गांठीचा प्लेग आला आणि हजारों लोक शहर सोडून गेले. वांद्रें, माझगांव अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून त्या दिवसांत उभारलेले क्रूस आजहि पाहावयास सापडतात. १८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. आणि विशेष हें कीं, १२३ वर्षांनीं, मार्च २०२० मध्यें, महाराष्ट्र शासनानें करोनाविरुद्ध प्रथम हातीं घेतला तो हाच कायदा होय. त्याच प्लेगांत पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास उचलून दवाखान्यांत पोंचविलें, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या स्वतः त्या रोगास बळी पडल्या. ज्या बाईंनीं मुलींसाठीं शाळा काढिली, त्यांचा देह अखेर एका मुलाच्या सेवेंत पडला. त्या काळीं प्लेग आला म्हणजे खेड्यांतील लोक गांव सोडून रानांत झोपड्या घालून राहत. मग शाळा आपोआप बंद पडे. आईबापांचें मत विचारण्याचा प्रश्नच नसे.

पुढें १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझा आला. जून महिन्यांत तो मुंबई बंदरांत शिरला. सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्याची दुसरी, अधिक घातक लाट उसळली व आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरली. सर्वांत अधिक पोळलेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. त्याच वर्षीं पावसानेंहि दगा दिला, म्हणून उपास आणि ताप हीं दोन्ही संकटें एकदम आलीं. हिंदुस्थानांत या साथीनें एक कोटि वीस लक्षांहून अधिक माणसें नेलीं असें मानतात. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां किंचित् घटलेली आढळली. असें असूनहि शाळेंत धाडावें कीं नाहीं, हा प्रश्न वऱ्हाडांतील बहुतेक घरांस पडला नाहीं. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत शंभरांत जेमतेम सहा माणसें साक्षर होतीं. शेतकऱ्याचें मूल शाळेंत जातच नव्हतें; मग त्यास घरीं ठेवण्याचा विचार कोणी करावा?

त्याच वर्षीं समुद्रापलीकडे, न्यूयॉर्क शहरांत, या प्रश्नाचा खल झाला. तो आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेंतील अनेक शहरांनीं शाळा बंद केल्या. परंतु न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी डॉ. रॉयल कोपलंड यांनीं त्या चालू ठेविल्या, व शिकागोनेंहि तोच मार्ग धरिला. न्यूयॉर्कांत शाळेस जाणारीं मुलें सुमारें दहा लक्ष होतीं आणि त्यांतील बहुतेक दाटीवाटीच्या चाळींत राहत. कोंदट खोलींत राहण्यापेक्षां, अगर रस्त्यावर भटकण्यापेक्षां, मूल स्वच्छ व हवेशीर शाळेंत, डॉक्टर व परिचारिका यांच्या नजरेखालीं असणें बरें, असें त्यांचें म्हणणें होतें. यांतील तत्त्व असें कीं, शाळेची तुलना पूर्ण सुरक्षिततेशीं करावयाची नसते. ती त्या मुलाच्या प्रत्यक्ष घराशीं करावयाची असते. हें तत्त्व आम्ही पुढें पुनः उपयोगास आणणार आहों.

दारें मिटलीं

१९१८ आणि २०२० यांच्या दरम्यान एक मोठा पालट झाला होता. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचें शिक्षण मिळावें असें ठरलें. आतां मजुराचें मूलहि शाळेच्या पटावर होतें. म्हणून करोना आला तेव्हां शाळेचा प्रश्न थोड्या घरांचा न राहतां सर्वांचा झाला.

हिंदुस्थानांतील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत आढळला. महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण ९ मार्च रोजीं पुण्यास सांपडले. मार्चच्या मध्यास आधीं शहरांतील व लागलीच खेड्यांतील शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च रोजीं व्हावयाचा होता. तो कधींच झाला नाहीं, आणि मुलांस सरासरीनें गुण देण्यांत आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. जगांत त्या वसंतांत दीडशें कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते. एप्रिलच्या आरंभीं मालेगांव तालुक्यांतीलच मेडशी गांवीं वाशिम जिल्ह्याचा पहिला रुग्ण निघाला. मग किन्हीराजाच्या लोकांस साथ ही केवळ वर्तमानपत्रांतील गोष्ट राहिली नाहीं.

या पहिल्या काळांत आईबापांवर निर्णयाचा भार नव्हता. दार शासनानें लाविलें होतें, आणि मुलें घरीं असलेलीं बरीं असें बहुतेकांस वाटत होतें. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असें वाक्य सर्वत्र ऐकूं येऊं लागलें. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत एका संस्थेनें ध्वनिक्षेपक लावून ‘बोलकी शाळा’ चालविली. सोलापुरांत नीलमनगरच्या शिक्षकांनीं वस्तींतील घरांच्या भिंतींवर धडे रंगविले, म्हणजे जातांयेतां मूल वाचील. हे प्रयत्न स्तुत्य होते. परंतु जेथें घरांत मोबाईल एकच, तो बापाबरोबर शेतांत जाणार, आणि शिकणारीं भावंडें तीन, तेथें मोबाईलवरील शाळा ही बहुतांशीं नांवाचीच शाळा होती. शिवाय शिक्षकांस साथीच्या सर्वेक्षणाचेंहि काम लागलें होतें. जसजसे महिने लोटले तसतसें आईबापांच्या ध्यानांत येऊं लागलें कीं, पाटीवर आलेलीं अक्षरें पुनः पुसलीं जात आहेत.

संमतिपत्र

२३ नोव्हेंबर २०२० रोजीं शासनानें नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास मुभा दिली. शिक्षकांची तपासणी करावी, अंतर राखावें, असे नियम घातले. हजेरीची सक्ती नव्हती. मात्र येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पालकाचें लेखी संमतिपत्र आणावें, अशी अट होती. या एका कागदानें सारा प्रश्न शासनाच्या कचेरींतून उचलून घराच्या ओसरीवर आणून ठेविला.

लोकांनीं काय उत्तर दिलें? राज्यांत या वर्गांचे विद्यार्थी सुमारें ५९ लक्ष. पहिल्या दिवशीं हजर झाले सुमारें ३ लक्ष. शंभरांत पांच! कित्येक ठिकाणीं शाळाच उघडल्या नव्हत्या, हें खरें. तथापि आईबापांच्या मनांतील भीतिहि या आंकड्यांत दिसते.

या भीतीस अज्ञान म्हणून हिणविणें आम्हांस मान्य नाहीं. ज्यांनीं सही केली नाहीं, त्यांची भीति बहुधा मुलापुरती नव्हतीच. लहान वयांत हा रोग बहुतेक सौम्य असतो, हें लोकांच्या कानांवर आलें होतें. भीति होती ती घरांतील म्हातारीची. खेड्यांतील घरांत आजी, आजोबा व नातवंडें एकाच खोलींत निजतात. मूल शाळेंतून रोग घेऊन येईल, त्यास नुसता खोकला होईल आणि आजी जाईल, हा विचार साधा व सरळ होता. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें, व साठ वर्षांवरील सामान्य माणसांस लस मिळूं लागली ती १ मार्चपासून. तोंवर म्हाताऱ्या माणसांस दुसरें कसलेंच कवच नव्हतें.

ज्यांनीं सही केली, तेहि बेफिकीर नव्हते. दहावीस असलेला मुलगा एकदां मजुरीस लागला कीं पुनः बाकावर बसत नाहीं, आणि पंधरा वर्षांची मुलगी घरीं बसली कीं तिच्या लग्नाच्या गोष्टी निघतात, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. एकास डोळ्यांपुढचें संकट मोठें वाटलें, दुसऱ्यास वर्षां-दोन वर्षांनीं येणारें. दोघेहि आपल्या लेकरांचाच विचार करीत होते.

२७ जानेवारी २०२१ पासून पांचवी ते आठवीचे वर्ग उघडले. महिनाभरांतच आमच्या या जिल्ह्यास जबर धक्का बसला. रिसोड तालुक्यांतील देगांव येथें एका निवासी शाळेच्या वसतिगृहांत, फेब्रुवारीच्या अखेरीस, २२९ विद्यार्थी व कांहीं कर्मचारी करोनाबाधित आढळले. मुलें बहुतेक अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतून नुकतींच आलेलीं होतीं, आणि त्याच दिवसांत तेथें साथीची दुसरी लाट डोकें वर काढीत होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावतींत टाळेबंदी झाली होती. देगांवची बातमी देशभर गेली. ज्या आईबापांनीं विश्वासानें सही करून दिली असेल, त्यांच्या मनाची त्या रात्रीं काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

संमतिपत्राचा दोष येथें उघड होतो. तें संमति मागत होतें, पण संमति देण्यास लागणारी माहिती देत नव्हतें. गांवांत आजारी किती, शेजारच्या जिल्ह्यांत साथ चढती कीं उतरती, वर्गांत मुलें किती बसणार, एखादें मूल तापलें तर पुढें काय करणार, हें कांहीं त्या कागदावर नसे. एका बापाची सही, आणि त्या सहीखालीं सारा भार! मूल आजारी पडलें तर दोष आईबापांचा. मूल मागें पडलें तरी दोष आईबापांचाच. एवढें ओझें एकट्या घरानें वाहावें, हें न्याय्य नव्हतें.

गांवचा ठराव

एप्रिल-मे २०२१ मधील दुसरी लाट किती दारुण होती, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या वर्षीं दहावीची आणि मागाहून बारावीचीहि परीक्षा रद्द झाली. लाट ओसरतांच शाळेचा प्रश्न पुनः उभा राहिला. परंतु या खेपेस तो निराळ्या रीतीनें सोडविण्यांत आला.

जूनमध्यें त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें उदाहरण घालून दिलें. गांव करोनामुक्त झालें, पालकांनीं व ग्रामस्थांनीं एकत्र बसून विचार केला, आणि शाळा उघडली. जुलैमध्यें शासनानें राज्यभर तसाच नियम केला. ज्या गांवांत महिनाभर एकहि रुग्ण नाहीं, तेथें पालकांशीं चर्चा करून व ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आठवी ते बारावीचे वर्ग उघडावे. त्यासाठीं सरपंचांच्या अध्यक्षतेखालीं समिति असावी; तींत तलाठी, ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी व मुख्याध्यापक यांनीं बसावें. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फुटांचें अंतर, एका वर्गांत पंधरा ते वीस मुलें, अशी तपशीलवार योजना होती. किन्हीराजासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्र असलेल्या गांवास या योजनेंत एक मोठी सोय होती: ज्या डॉक्टरांपाशीं गांव ताप दाखवावयास जातें, त्यांच्यासारख्या जाणत्याचाच शब्द आतां शाळेविषयींहि ऐकावयास मिळणार होता.

त्याच सुमारास राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनें पालकांचें मत मागविलें. सुमारें ७ लक्ष पालकांनीं उत्तर दिलें. त्यांतील शंभरांत ८१ जणांनीं शाळा उघडाव्या असें सांगितलें. १५ जुलै २०२१ रोजीं पहिल्याच दिवशीं सुमारें सहा हजार शाळा उघडल्या आणि चार लक्षांहून अधिक मुलें वर्गांत आलीं. लोकांचें धैर्य अकस्मात् वाढलें होतें काय? आमच्या मतें तसें नव्हे. म्हाताऱ्या माणसांस लस मिळूं लागली होती, हें एक कारण. वर्षभरांत शाळेविना काय होतें तें दिसलें होतें, हें दुसरें. आणि निर्णय आतां एका घराचा न राहतां गांवाचा झाला होता, हें तिसरें.

ठरावाच्या पद्धतींतहि उणीव नव्हती असें नाहीं. गांवांत मोठा आवाज ज्याचा, त्याचें मत ठराव होऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून हजेरीची सक्ती न ठेवणें अगत्याचें होतें. गांवानें दार उघडावें, पण दमेकरी आजी घरांत असलेल्या आईस तें दार ओलांडण्याची बळजबरी होऊं नये. ठराव आणि मुभा हीं दोन्हीं बरोबर असलीं तरच न्याय होतो.

पुढील तारखा थोडक्यांत देतों. ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांतील पांचवी ते बारावी व शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग भरूं लागले. १ डिसेंबरपासून खेड्यांतील पहिली ते चौथीचीं मुलें शाळेंत येऊं लागलीं. जानेवारी २०२२ मध्यें ओमिक्रॉनच्या लाटेनें शाळा पुनः बंद झाल्या, व २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिति पाहून उघडल्या. १५ ते १८ वर्षांच्या मुलांस लस देण्यास त्याच महिन्याच्या ३ तारखेस आरंभ झाला होता.

हिशेब

या तारखांत एक गोष्ट मनास टोंचते. खेड्यांतील पहिलीच्या मुलास मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे वीस महिन्यांहून अधिक, वर्ग नव्हता. ज्या वयास या रोगाचा धोका सर्वांत कमी, त्याच वयास सर्वांत अधिक वाट पाहावी लागली. मोबाईलवर शिकण्यास सर्वांत असमर्थ तेंच वय. २०२० सालीं पहिलींत नांव घातलेलें मूल वर्गांत प्रथम बसलें तें दुसरीच्या मध्यास.

परिणाम दिसून आला. देशांतील खेड्यापाड्यांत होणाऱ्या ‘असर’ नांवाच्या पाहणीप्रमाणें, दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०१८ सालीं शंभरांत २७.३ होतीं, २०२२ सालीं तीं २०.५ उरलीं. परंतु त्याच पाहणींत दुसरा एक आंकडा आहे, आणि तो आईबापांच्या बाजूनें साक्ष देतो. ६ ते १४ वर्षांच्या मुलांपैकीं शाळेंत नांव असलेलीं मुलें ९७.२ वरून ९८.४ वर गेलीं, आणि सरकारी शाळांतील प्रमाण ६५.६ वरून ७२.९ वर चढलें. शाळा दुरावली होती, पण आईबापांनीं शाळा सोडिली नव्हती. पटावरील नांव त्यांनीं जपून ठेविलें. मात्र चौदा वर्षांपुढील मुलें या हिशेबांत येत नाहींत; त्यांतील कित्येक मजुरीस लागलीं, कित्येक मुलींचीं लग्नें झालीं, आणि तीं परत आलीं नाहींत.

मग दोष कोणाचा? ज्यांनीं मूल धाडलें त्यांचा नव्हे, आणि ज्यांनीं ठेविलें त्यांचाहि नव्हे. दोन संकटांपैकीं एक निवडण्याची पाळी ज्यांवर आली, त्यांस मागाहून शहाणपण सांगणें सोपें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, असा निर्णय आईबापांस एकट्यानें करावयास लावूं नये. शिक्षणहक्काच्या कायद्यानेंच प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति दिली आहे, तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्या असें सांगितलें आहे. ही समिति केवळ सह्यांपुरती जिवंत न ठेवतां खरोखर भरवीत जाणें, हीच पुढील साथीची पूर्वतयारी होय. जी समिति सुखाच्या दिवसांत एकत्र बसत नाहीं, ती संकटांत अकस्मात् बसूं शकत नाहीं.

आणि साथ पुनः आलीच, तर तीन गोष्टी स्मराव्या. पहिली, न्यूयॉर्कच्या उदाहरणाची: मूल घरीं राहिलें तर तें प्रत्यक्षांत कोठें असेल, कोणाबरोबर असेल, काय करील, हें पाहून मग शाळेशीं तुलना करावी. दुसरी, देगांवची: शाळा आणि वसतिगृह एक नव्हेत, गांवांत सायंकाळीं घरीं परतणारें मूल आणि दूरच्या जिल्ह्यांतून येऊन एकत्र निजणारीं तीनशें मुलें, यांचा धोका एका मापानें मोजूं नये. तिसरी, त्या वीस महिन्यांची: दारें लावावींच लागलीं तर सर्वांत लहानांसाठीं तीं सर्वांत आधीं उघडावीं.

इमारतींचा इतिहास भिंती सांगतात. या निर्णयांचा इतिहास सांगणारीं माणसें अद्याप आपल्यांत आहेत. त्या वर्षीं पहिलींत असलेलीं मुलें आतां मोठीं होत आहेत. त्यांच्या आईबापांनीं त्या दिवसांत काय तोललें, काय सोसलें, हें मुलांस सांगून ठेवावें, आणि शाळांनींहि आपल्या दप्तरीं त्याचें एक पान लिहून ठेवावें, अशी आमची सर्व वाचकांस विनंति आहे.